वाळवंटातल्या फळाचा रस

दिवाळी जवळ आली की घरात तेलाचा डबा येतो. पहाटेच्या अभ्यंगाला तेल, पणतीला तेल, चकली-कडबोळ्यांना तेल! कोणते तेल कोणत्या कामाचे, हे आपल्या आजीला कोणी शिकवावे लागत नसे. कुठे करडईचे, कुठे शेंगदाण्याचे, कोकणात खोबऱ्याचे. ज्या मातीत जे पिके त्याचे तेल घाण्यावरून घरात येई. अलीकडे या मंडळींत एक परका पाहुणा येऊन बसला आहे. तो म्हणजे ऑलिव्हचे तेल. पूर्वी ते औषधांच्या दुकानातून लहानशा डब्यात येई, तेही तान्ह्या बाळाच्या अंगाला चोळण्यापुरते. आता ते थेट जेवणाच्या टेबलावर आले आहे. तेव्हा सहजच मनात येते, हा पाहुणा आपल्याच मातीत रुजला तर?

पारिजातकाचा भाऊबंद

वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ऑलिव्ह अगदीच परका नाही. आपल्या अंगणातला पारिजातक, जाई, जुई, मोगरा ही सारी त्याच्याच कुळातली. पण स्वभाव निराळा. फळ झाडावरून तोडून तोंडात टाकावे तर कडूजहर. त्याचे लोणचे घालायचे तरी आधी कडूपणा काढावा लागतो.

आपली बहुतेक तेले बियांची. हे तेल मात्र मुख्यतः फळाच्या गराचे. म्हणून त्याला फळाचा रसच म्हटले तरी चालेल. फळे तोडली की शक्यतो एका दिवसाच्या आत गाळावी लागतात, नाहीतर ती आंबू लागतात. धुतलेली फळे बियांसकट भरडायची, लगदा मंद गतीने ढवळत ठेवायचा म्हणजे तेलाचे बारीक थेंब एकमेकांना मिळतात, आणि मग दुधातून साय वेगळी करणाऱ्या यंत्राप्रमाणे गरगर फिरवून तेल निराळे काढायचे. हे सारे साधारण २७ अंश सेल्सियसच्या आत करतात. उष्णता वाढली की सुवास उडतो.

असे काढलेले तेल चवीला निर्दोष असेल आणि त्यातले मुक्त आम्ल शंभर ग्रॅमला ०.८ ग्रॅमहून अधिक नसेल, तरच त्याला ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ म्हणतात. घशाशी किंचित तिखट लागणे हा त्याचा दोष नव्हे, गुण आहे.

बिकानेरचा प्रयोग

या झाडाला फुलण्यासाठी हिवाळ्यात कडक थंडी लागते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ते पाने धरील, पण फळांची आशा धरू नये. राजस्थानात मात्र दिवसा तापणारी वाळू थंडीच्या रात्री गारठते. हे हेरून २००७ साली राजस्थान सरकारने एक कंपनी उभारली. तिच्यात एक भागीदार इस्राएलचा होता आणि दुसरा आपल्या पुण्याचा, ठिबक सिंचनाचे सामान करणारा. पुढल्या वर्षी इस्राएलमधून लाखभर रोपे आली. जयपूरजवळचे बस्सी, बिकानेरकडचे लूणकरणसर अशा सात ठिकाणच्या सरकारी शेतांत, सुमारे १८२ हेक्टरांवर, ती लावली गेली. २०१४ साली लूणकरणसरला तेल गाळण्याचा कारखाना सुरू झाला आणि भारतात पिकलेल्या ऑलिव्हचे तेल भारतातच निघाले.

ही गोष्ट येथेच संपली असती तर किती गोड झाले असते! पण झाडे सगळीकडे सारखी फळली नाहीत. एखादा हिवाळा उबदार गेला की मोहोर कमी. शिवाय फळासाठी काही वर्षे थांबायचे. गहू-मोहरी चार-पाच महिन्यांत पैसा देते. ऑलिव्हसाठी शेतकऱ्याने तोवर खायचे काय? कित्येकांचा उत्साह या प्रश्नापाशीच ओसरला. झाड वाळवंटात जगते. शेतकऱ्याला नुसते जगणारे नव्हे, फळणारे झाड हवे असते.

बाटली घेताना

मग आपण काय करावे? घ्यायचेच असेल तर गडद काचेची लहान बाटली घ्यावी; उजेड आणि हवा हे या तेलाचे वैरी. फळे कोणत्या हंगामातली, ते लेबलावर पाहावे. जुने लोणचे मुरते, जुने ऑलिव्ह तेल खवट होते. ‘पोमेस’ असे लिहिले असेल तर ते उरलेल्या चोथ्यातून रसायनाने काढून शुद्ध केलेले तेल समजावे. चकली मात्र त्यात तळू नये. तिला काही होणार नाही, पण तेलाचा सुवास आणि तुमचे पैसे दोन्ही कढईत जातील. कोशिंबिरीवर चमचाभर घालून पाहावे.

आणि एक गोष्ट विसरू नये. आपला देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशांतून आणतो. ते ओझे राजस्थानातल्या थोड्याशा मळ्यांनी हलके होणारे नाही. आपल्या करडईला, तिळाला, शेंगदाण्याला पुरता भाव मिळाला तर मात्र काही अंशी होईल. ताजेपणा आणि पिकवणाऱ्याचा पत्ता ठाऊक असणे, याच गोष्टींसाठी भूमध्य समुद्राकाठची माणसे आपल्या गावच्या तेलाला मान देतात. ऑलिव्हच्या बाटलीबरोबर ही सवयही आपण घरात आणावी. यंदाच्या दिवाळीत जवळच्या घाण्यावर एक फेरी मारलीत, तर तिची सुरुवात झालीच म्हणायची.