ओव्हरक्लॉक होईना? आधी नाव वाचा!

शनिवारची रात्र, लॅमिंग्टन रोडवरून आणलेला दणकट कूलर, बायोसमध्ये मल्टिप्लायर वाढवायला गेलात आणि... पीसी ढिम्म! थांबा बॉस, व्होल्टेजला हात लावू नका. आधी प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचा. इंटेलच्या २०११ च्या 'सँडी ब्रिज'मधला आय५-२५००के मोकाट पळतो, साध्या २५०० ला मात्र लगाम. (माझे कूलरचे पैसे इथेच पाण्यात गेले!) बोर्डही तपासा. एच६१ वर 'के' चिपही गप्प बसते, तिला पी६७ किंवा झेड६८ लागतो. एएमडीच्या बहुतेक रायझन चिप्स खुल्या, पण ए३२० बोर्डवर त्यांचंही दार बंद.

सगळं बरोबर, तरी बूटच होत नाही? प्लग काढा, बोर्डवरचा सीआर२०३२ सेल पाचेक मिनिटं बाहेर ठेवा. सेटिंग्ज मूळपदावर येतील. मग एकेक पायरी चढा, टेम्परेचर बघत.