गावाच्या पाण्याचा हिशेब

विहीर माझ्या रानात आहे. ती मी पैसे घालून खणली. मग तिच्यातले पाणी कोणाचे?

"माझंच की!" असे कोणीही म्हणेल.

पण जरा विचार करा. त्या विहिरीत पाणी आले कोठून? पाऊस काही एकट्या विहिरीवर पडला नाही. तो डोंगरावर पडला, गायरानात पडला, शेजाऱ्याच्या वावरात पडला. तेथे तो जमिनीत मुरला. मग मुरुमातून, खडकाच्या फटींतून झिरपत विहिरीत उतरला. वरची जमीन सात-बाऱ्यावर वाटली गेली आहे. खालचे पाणी तसे वाटलेले नाही. खाली बांध नसतात.

म्हणूनच एकाने तीनशे फूट बोअर घेतली की कित्येकदा शेजारच्या विहिरी आटतात. मग बोलाचाली होते, भाऊबंदकी पेटते. शेजारीही कर्ज काढून साडेतीनशे फूट जातो. तळ कोणालाच लागत नाही, कर्ज मात्र दोघांच्या बोकांडी बसते.

या भांडणातून हिवरे बाजार गावाने एक वाट काढली. ती येथे समजावून देत आहोत.

हिवरे बाजार हे नगर तालुक्यातले गाव. जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे. हा सारा मुलूख अवर्षणाचा. साल बरे असले तर ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. १९७२ च्या दुष्काळाने गावाची कंबर मोडली. डोंगर उघडे पडले होते. झाडे तोडून झाली होती. पोटासाठी माणसे नगर, पुणे, मुंबईला गेली. मागे राहिले त्यांत दारू आणि मारामाऱ्या वाढल्या.

१९८९ साली गावाने पोपटराव पवार या शिकलेल्या तरुणाला सरपंच केले. १९९४ साली गाव सरकारच्या आदर्शगाव योजनेत गेले. पैसा सरकारचा होता, ही गोष्ट लपवू नये. पण सरकारी पैसा पुष्कळ गावांना मिळतो. फरक पडला तो दुसऱ्या एका गोष्टीने. काम पाहायला गावातल्याच माणसांच्या समित्या झाल्या. त्यांना पगार नव्हता. त्या ठरवीत ते ग्रामसभेपुढे मांडीत. ग्रामसभा हो म्हणेल ते खरे.

पहिले काम डोंगरावर झाले. उतारावर आडवे चर खणले. आडवे म्हणजे अगदी एका पातळीत. चर जरा कलता झाला तर सगळे पाणी एका टोकाला धावते आणि तेथे चर फोडते. पातळी पाहायला मोठे यंत्र लागत नाही. तीन काठ्यांची तिकटी करायची आणि शेंड्याला दोरीने दगड बांधायचा. दोरी मधल्या काठीवरच्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत आहेत असे समजावे. गवंड्याचा ओळंबा असतो ना, तसेच हे.

आणि हे काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचे. पुष्कळ गावे आधी खाली बंधारा बांधतात, कारण बंधारा दिसतो, त्याचे उद्घाटन करता येते. वर डोंगर उघडा असेल, तर दोनचार पावसाळ्यांत त्या बंधाऱ्यात पाण्याऐवजी गाळ भरतो. धावत्या पाण्याला वरच चालायला लावावे आणि चालत्याला थांबवावे. मग ते मुरते.

दुसरे काम याहून अवघड. ते चराईबंदीचे. डोंगरात गुरे मोकळी सोडायची नाहीत. गवत वाढू द्यायचे आणि विळ्याने कापून गोठ्यात आणायचे. कुऱ्हाडबंदीही तशीच. गवताने माती धरली, चारा वाढला आणि गावचे दूध कित्येक पटींनी वाढले.

येथे आमचे एक सांगणे आहे. चराईबंदीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याच्या गोठ्यात दोन गाई आणि शेतात कडबा आहे, त्याला ती सोसते. शेळी ही गरिबाची गाय. तिला गोठ्यात बांधले तर तिच्या पोटाला काय? म्हणून आमच्या मते ज्या गावाला ही बंदी करायची असेल, त्याने आधी भूमिहीनाचे बघावे. डोंगरातल्या गवतावर पहिला विळा त्याचा चालू द्यावा. समितीत त्याला बसवावे. बायाबापड्यांनाही बसवावे. हंडा ज्यांच्या डोक्यावर असतो त्यांना पाण्याचे मोल दुसऱ्याने सांगावे लागत नाही.

आता हिशेबाकडे वळू. हिवरे बाजारची खरी करामत येथे आहे. चर आणि बंधारे तर इतर गावांतही झाले आहेत. तेथेही पाणी वाढले. पण पाणी वाढले की लोक ऊस लावतात, बोअरी घेतात, आणि पाचसात वर्षांत गाव परत टँकरवर येते. मिळकत वाढली पण खर्चाला धरबंध राहिला नाही, तर घर बुडते. गावाचेही तसेच.

हिवरे बाजारात पाऊस रोज मोजतात. ठरलेल्या विहिरींतली पाण्याची पातळीही मोजून ठेवतात. पावसाळा सरला की ग्रामसभेत हिशेब मांडतात. पाऊस किती झाला, पाणी किती आहे, ते सर्वांसमोर येते. त्यातून आधी माणसांचे पिण्याचे व वापरायचे पाणी, मग गुरांचे, काही पुढच्या सालासाठी राखून ठेवायचे, आणि उरेल ते शेतीला. कोणते पीक किती घ्यायचे, ते या उरलेल्या पाण्यावर ठरते.

हा हिशेब तुम्हालाही करता येईल. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे किती पाणी? एक मीटर लांब व एक मीटर रुंद जागेवर एक लिटर. एका एकरावर सुमारे ४,००० लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर अडीचशेहून जास्त हंडे झाले. ४०० मिलिमीटर पाऊस पडला तर एकरावर १६ लाख लिटर पाणी पडते. (आकड्यापुढे लिटर की हंडे ते लिहीत जा. वर्गात आम्ही यासाठी पुष्कळ पाट्या परत केल्या आहेत.) हे सगळे पाणी आपल्याला मिळत नाही. काही वाहून जाते, काही उन्हाने उडते. आपल्या काळ्या कातळाच्या मुलखात मुरते ते थोडे.

आता खर्च पाहू. उसाला लागणीपासून तोडणीपर्यंत निदान २,००० मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते. म्हणजे एकरी ८० लाख लिटर. आपल्या एकरावर पाऊस पडतो १६ लाखांचा. एक एकर ऊस पाच एकरांचा पाऊस पितो!

आणखी एक हिशेब. खेड्यात माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी मिळावे, असे सरकारचे प्रमाण आहे. हजार वस्तीच्या गावाला दिवसाला ५५,००० लिटर लागेल. वर्षाचे झाले सुमारे दोन कोटी लिटर. दोन कोटी लिटर म्हणजे अडीच एकर उसाचे पाणी. एकीकडे अडीच एकर ऊस, दुसरीकडे आख्ख्या गावाचे वर्षभराचे पिणे, धुणे, न्हाणे.

हा आकडा पुढ्यात आला की "विहीर माझी" म्हणणारा माणूस जरा थबकतो. हिवरे बाजारच्या गावकऱ्यांनी ठराव केले. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ती पिण्यापुरतीच. ऊस आणि केळी लावायची नाहीत. ज्या साली पाऊस कमी, त्या साली रब्बीची पेरणीही कमी.

ठराव करायला एक दुपार पुरते. तो पाळायला वर्षे जातात. उसाचा भाव ऐकून कोणाला मोह होत नाही? अशा वेळी आकडे सर्वांना ठाऊक असले तर समितीचे काम सोपे होते. समिती म्हणते म्हणून कोणी ऐकेल, न ऐकेल. पण हिशेब सर्वांसमोर मांडलेला असेल तर त्याला पक्षपात म्हणता येत नाही. सरपंचाच्या भावकीलाही तोच आकडा लागू होतो. नाही झाला, तर दुसऱ्या दिवशी ठरावाचा कागद रद्दीत गेला म्हणून समजा.

२०१२ साली मोठा दुष्काळ पडला. जिल्ह्यात गावोगाव टँकर फिरत होते. हिवरे बाजारला टँकर लागला नाही. त्या साली तेथेही पाऊस थोडाच झाला होता. गावाने पिके आवरती घेतली.

तुमच्या गावी असे काही करायचे असेल, तर पैशाची वाट पाहू नका. महाराष्ट्रात वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. पावसाळ्यानंतरच्या सभेत मांडायला या सालचे आकडे हवेत. ते आजपासून जमवता येतील.

एक पत्र्याचा डबा घ्या. त्याच्या बाजू वरपासून खालपर्यंत सरळ असाव्यात, तळ सपाट असावा. झाड, भिंत जवळ नसेल अशा उघड्या जागी तो ठेवा. वाऱ्याने पडू नये म्हणून भोवती दगड लावा. रोज सकाळी आठ वाजता मुलाची शाळेतली पट्टी पाण्यात उभी धरा. पट्टीचा शून्य टोकापासून थोडा वर असेल, तर तेवढे अंतर आकड्यात मिळवा. जितके मिलिमीटर भरेल तितका पाऊस. मग डबा उपडा करून परत ठेवा. विहिरीसाठी दोरीला दर फुटावर गाठ मारा व टोकाला दगड बांधा. काठापासून पाणी किती गाठी खाली आहे, ते महिन्यातून एकदा मोजा.

वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात तारीख, दुसऱ्यात पाऊस, तिसऱ्यात विहिरीचे पाणी. पाऊस पडला नाही त्या दिवशी जागा कोरी सोडू नका. शून्य लिहा.