मागचा एक्सल बदलताना: आधी गाडी अडवा, मग नट सोडा



बचत गटाच्या दारात आता शिलाई मशीन आणि गिरणीच्या जोडीला पिकअप गाडीही दिसू लागली आहे. आमच्या गटाचीही आहे. ती बाजाराला गेली तरच कर्जाचा हप्ता निघतो. म्हणून मागून घरघर ऐकू आली, की जीव खालीवर होतो.

मागची दोन चाकं ज्या आडव्या दांड्याला जोडलेली असतात, तो एक्सल. त्याच्या मधल्या गोल पोटात क्राऊन आणि पिनियन ही गिअरची जोडी असते. इंजिनाची ताकद प्रोपेलर शाफ्टमधून इथे येते आणि चाकांकडे जाते. नुसतं सील गळत असेल किंवा बेअरिंग वाजत असेल, तर तेवढंच बदलावं. हौसिंग वाकलं असेल किंवा क्राऊन-पिनियनचे दात गेले असतील, तर अख्खा जुना एक्सल आणून बसवणं पुष्कळदा परवडतं. ओळखीचा मिस्त्री घरी आला, तर अंगणातही हे काम होतं.

जुना एक्सल घेताना नुसतं मॉडेलचं नाव पाहू नका. त्याची रुंदी, पाटे बसायच्या जागा, शाफ्टच्या फ्लँजची भोकं आणि ब्रेकची जोडणी आपल्या एक्सलशी जुळवून बघा. दातांचं प्रमाणही तेच हवं. क्राऊनला ४१ आणि पिनियनला १० दात असतील, तर शाफ्टचे ४.१ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. हे प्रमाण बदललं, की चढाला लागणारी ताकद आणि वेग दोन्ही बदलतात. बिल मागून घ्या. आणि एक्सल दणकट बसवला, म्हणून आरसी बुकातली वजनाची मर्यादा वाढत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये टाकली, म्हणजे ती हलणार नाही, असं आपण धरून चालतो. पण बहुतेक पिकअपमध्ये हँडब्रेक मागच्याच चाकांना धरतो, आणि गिअरही शाफ्टमधून त्याच चाकांना अडवतो. ती चाकं वर उचलली, की गाडीला धरणारं काहीच उरत नाही. म्हणून जागा सपाट आणि कडक हवी. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून ठोकळे लावा. मागून गाडी उचलून चेसिसखाली दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड द्या. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर असलेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, मिस्त्रीनेसुद्धा नाही. पोरं आणि कोंबड्या अंगणाबाहेर.

मग चाकं काढा. शाफ्टवर खूण करून तो सोडवा. हँडब्रेकची केबल, ब्रेकचा पाइप आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर सोडवा. एक्सलच्या पोटाखाली ट्रॉली जॅक लावा आणि शेवटी यू-बोल्ट काढा. एक्सल पिनियनच्या बाजूला कलंडतो, म्हणून दोन्ही टोकांना माणूस हवा.

नवा एक्सल याच्या उलट क्रमाने बसतो. पाट्याच्या मधल्या बोल्टचं डोकं एक्सलच्या भोकात नीट बसलंय ना, ते बघा. यू-बोल्ट नवेच घ्या, आणि गाडीचं वजन चाकांवर आल्यावर ते आडवे-तिडवे आवळा. गिअर ऑइल भरा. हवा जायची छोटी नळी तुंबली असेल तर साफ करा, नाहीतर ऑइल सीलमधून ब्रेकवर उतरतं.

ब्रेकमधली हवा काढायला दोघी लागतात. एकीने पेडल दाबून धरायचं, दुसरीने निपल उघडून बंद करायचं, मगच पहिलीने पाय उचलायचा. पेडल कडक लागेपर्यंत गाडी दाराबाहेर काढू नका.

पहिली फेरी रिकामी मारा. परत आल्यावर चाकांचे नट आणि यू-बोल्ट पुन्हा आवळा, थोडे दिवस गाडी चालल्यावर आणखी एकदा. तारीख, किलोमीटर आणि खर्च गटाच्या वहीत लिहा. पुढच्या दुरुस्तीला मिस्त्रीसमोर तीच वही उघडायची आहे.