जामीन कोणाचा, विमा कशाचा

नव्या रस्त्याला दुसऱ्याच पावसाळ्यात खड्डे पडले, की पारावर बसलेल्या मंडळींपैकी कोणीतरी हमखास म्हणतो, ‘ठेकेदाराचे डिपॉझिट सरकारकडे आहे, विमाही उतरविलेला आहे, नुकसान व्हायचे कोणाचे?’ या एका वाक्यात बयाणा, अनामत, बँकेची हमी आणि विमा या चार निरनिराळ्या गोष्टींची अशी सरमिसळ झालेली असते, की त्यातले एकही विधान साफ खोटे म्हणता येत नाही आणि एकही उपयोगी पडत नाही.

बयाण्याचे प्रकरण त्यातल्या त्यात सोपे. निविदेबरोबर भरायची ही रक्कम म्हणजे निविदेची फी नव्हे. ज्याची निविदा नामंजूर होते त्याला ती रक्कम परत मिळते, आणि जो मुदतीत निविदा मागे घेतो अथवा मंजुरीनंतर करारनामा करण्यास टाळाटाळ करतो त्याचीच ती जप्त होते. केंद्राच्या 2017च्या सामान्य वित्तीय नियमांत तिचे प्रमाण अंदाजित किमतीच्या 2 ते 5 टक्के ठेवलेले आहे. लघुउद्योग म्हणून नोंदणी झाली की बयाणा माफ, असे मानणारे ठेकेदार पुष्कळ भेटतात. परंतु ज्या 2012च्या केंद्रीय खरेदी धोरणाचा ते हवाला देतात, ते वस्तू व सेवांच्या खरेदीपुरते आहे, बांधकामाच्या ठेक्यांसाठी नाही.

खरा घोटाळा होतो तो बँक हमीच्या बाबतीत. बँकेने हमी दिली म्हणजे तिने ठेकेदाराच्या कामाची पारख केली, आणि उद्या तंटा उपस्थित झाला तर ती दोन्ही बाजू ऐकून घेईल, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः हमीपत्राच्या मजकुरातच ‘मागणी होताच, कोणतीही हरकत न घेता’ रक्कम अदा करण्याचे वचन असते. ती रक्कम बँक नंतर ठेकेदाराच्या ठेवीतून व तारणातून वसूल करते, आणि ढळढळीत लबाडी किंवा भरून न येणारी हानी दाखविल्याखेरीज न्यायालये या अदायगीला मनाई करीत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकवार स्पष्ट केले आहे. मात्र हमीला मुदत असते. एका उपविभागीय कचेरीत मी पाहिलेली गोष्ट अशी, की पुलाचे काम निम्म्यावर अडलेले, ठेकेदार बेपत्ता, आणि कपाटातून काढलेल्या स्टॅम्पपेपरवरील हमीची मुदत, दाव्याच्या वाढीव दिवसांसह, तीन आठवड्यांपूर्वीच संपलेली! ‘मुदत वाढवा अथवा रक्कम अदा करा’ असे दोन ओळींचे पत्र बँकेला वेळेवर गेले असते, तर तो कागद रद्दी झाला नसता.

हमी कामगारांचे आणि खडी-वाळू पुरविणाऱ्यांचेही पैसे राखते, हा दुसरा भ्रम. अमेरिकेत 1935च्या मिलर कायद्याने संघीय बांधकामांवरील ठेकेदाराकडून दोन स्वतंत्र जामीनपत्रे घेण्याची पद्धत घालून दिली: एक काम पुरे करण्याबद्दल, दुसरे मजुरी व मालाची देणी भागविण्याबद्दल, आणि तेथील जामीनदार कंपनी प्रसंगी अर्धवट काम स्वतः दुसऱ्याकडून पुरे करून घेते. आपली बँक मात्र पैसे मोजून मोकळी होते, आणि ते पैसे सरकारच्या पदरात पडतात, पुरवठादाराच्या नव्हे. 2022पासून विमा कंपन्यांनाही जामीनपत्रे देण्याची मुभा मिळाली खरी. पण त्यास ‘विमा’ म्हणून ठेकेदाराने निश्चिंत होऊ नये, कारण कंपनीने भरलेली रक्कम ती शेवटी त्याच्याचकडून वसूल करते.

आता विमा. ठेकेदाराच्या या विम्याला ‘ऑल रिस्क’ हे नाव ज्याने ठेवले, त्याने बऱ्याच भोळ्या माणसांची फसगत केली आहे. पुरात अर्धवट मोरी वाहून गेली तर ठरावीक रक्कम वजा जाता भरपाई मिळते. पण काँक्रीट मुळातच कच्चे निघाले आणि तोडून पुन्हा घालावे लागले तर तो खर्च ठेकेदाराचाच. कच्चा खांब कोसळून त्याने शेजारचा चांगला स्लॅब पाडला, तर सामान्यतः स्लॅबचे पैसे मिळतात, खांबाचे नाही. पारावरच्या त्या खड्ड्यांचा तर विम्याशी संबंधच नाही. ते दोष-दायित्वाच्या मुदतीतले असतील तर ठेकेदाराने फुकट बुजवावेत, न बुजविल्यास अनामतीतून खर्च व्हावा. महाराष्ट्रात हा विमा कोणत्याही कंपनीकडून काढावा असेही नाही: राज्याच्या विमा संचालनालयाकडूनच तो घेण्याची, न घेतल्यास ठेक्याच्या रकमेच्या 1 टक्का किंवा हिशेबाने येईल तो हप्ता देयकातून कापण्याची अट शासकीय निविदांत आढळते.

हा 1 टक्का आणि 1996च्या कायद्याने सुरू झालेल्या बांधकाम कामगार कल्याण उपकराचा 1 टक्का, यांची गल्लत तर नित्याची. उपकर म्हणजे अपघाताची भरपाई नव्हे. ती देण्याचे दायित्व ठेकेदाराचे, आणि त्याने न दिल्यास काम करवून घेणाऱ्या खात्याचे, हे तत्त्व 1923च्या कामगार भरपाई कायद्यापासून चालत आले आहे. उपकरातून चालणाऱ्या मंडळाचे लाभ केवळ नोंदणीकृत कामगाराला, आणि नोंदणीसाठी गेल्या वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला हवा. तो द्यायचा ठेकेदाराने, अन् त्याच्या मुकादमाच्या वहीत तर ‘बापू, 2 माणसे’ एवढेच लिहिलेले असते.