१२ हजार कोटींपेक्षा भारी २५० रुपये!

तलावाच्या काठावर रात्रीतून भराव पडतो आणि सकाळी जबाबदार मात्र कुणीच नसतं. अशा वेळी तुमच्या-आमच्या हातात आहे फक्त दहा रुपयांचा एक अर्ज!

ऑफिसमध्ये एखादा प्रोजेक्ट गडगडला की बॉसचा पहिला प्रश्न काय असतो? ‘हे काम कुणाकडे होतं?’ अप्रायझलच्या दिवशी ‘डिपार्टमेंटचं चुकलं’ असं सांगून कुणाची सुटका होते का? नाही ना! मग आपल्याच शहरात पाण्याच्या काठावर डंपर रिकामे होतात, तेव्हा ‘महापालिका काही करतच नाही’ एवढं पुटपुटून आपण गप्प का बसतो?

भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या दिशेने बाईक काढा. मुर्धा, राई, मोरवा अशी जुनी गावं लागतात. गावतळी, मिठागरं, खारफुटी... टॉवर्सच्या गर्दीत उरलेला हा मोकळा श्वास. त्याच रस्त्याच्या पुढच्या टोकाला, उत्तनच्या धावगी डोंगरावर अख्ख्या मिरा-भाईंदरचा कचरा जातो. तिथल्या आगी, धूर आणि दुर्गंधीविरुद्ध गावकरी वर्षानुवर्षं भांडत आलेत. तो निदान अधिकृत कचरा, त्याची कुठेतरी नोंद तरी आहे. चोरून पडणाऱ्या कचऱ्याचं काय? राडारोडा नियमाने ठरलेल्या जागी न्यायचा तर डिझेल लागतं, पैसे लागतात. अंधारातला तलावाचा काठ फुकट! वर, आज पडलेला भराव उद्याची ‘जमीन’ होतो.

कायदे नाहीत का? भरपूर आहेत. शहरातला कचरा उचलणं हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ नुसार पालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे, मेहेरबानी नव्हे. खारफुटीवर कचरा आणि राडारोडा टाकायला मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये साफ मनाई केली. ‘आमच्याकडे पैसे नाहीत’ ही पालिकांची लाडकी सबब तर सर्वोच्च न्यायालयाने रतलामच्या खटल्यात १९८० सालीच निकालात काढली.

घोडं अडतं कुठे?

दंड कुणाला होतो ते बघा. बेंगळुरूच्या बेलंदूर तलावाला आग लागल्याचे फोटो तुम्हाला आठवत असतील. डिसेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्या प्रकरणात कर्नाटक सरकारला ५० कोटी आणि तिथल्या महापालिकेला २५ कोटी भरायला सांगितले. सप्टेंबर २०२२ मध्ये सांडपाणी आणि घनकचऱ्याच्या गैरव्यवस्थापनाबद्दल महाराष्ट्र सरकारवर तब्बल १२ हजार कोटींची भरपाई लावली. आकडा ऐकून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. पण सरकारी तिजोरीत पैसा कुणाचा? तुमच्या सॅलरी स्लिपमधून कापला गेलेला! ज्या साहेबांनी डोळेझाक केली, त्यांच्या खिशातून यातला एक रुपयाही जात नाही.

आता दुसरा आकडा. माहिती अधिकार कायदा, २००५. अर्जाची फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. योग्य कारणाशिवाय माहिती अडवली, तर माहिती आयोग त्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये दंड करू शकतो, कमाल २५ हजारांपर्यंत. आणि तो भरायचा त्या अधिकाऱ्याने स्वतः! हा दंड कचऱ्याचा नाही, माहिती दडवण्याचा आहे. पण माहिती बाहेर आली की नावंही बाहेर येतात.

मग विचारायचं काय?

‘तलाव का घाण आहे?’ असं विचारू नका, त्यावर निबंध येईल. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो. म्हणून मोजकंच विचारा. या भागाच्या स्वच्छतेची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा काय? अमुक तारखेच्या माझ्या तक्रारीवर कोणी, कधी, काय कारवाई केली? वर्षभरात इथे किती डंपर पकडले, किती दंड वसूल झाला? फाइल प्रत्यक्ष बघण्याचा हक्कही कायद्यात आहे, तोही मागा. अर्थात, त्याआधी तारीख, वेळ, जागा आणि फोटोसह लेखी तक्रार द्या आणि पोचपावती घ्या. पोचपावती नाही, तर तक्रारही नाही!

उत्तर आलं नाही किंवा गोलमाल आलं, तर पहिलं अपील पालिकेतल्याच वरिष्ठांकडे, दुसरं राज्य माहिती आयोगाकडे. तिथे तारखा लांबतात, हे मान्य. पण कागदावर नाव असलेला माणूस पुढच्या डंपरकडे काणाडोळा करताना दोनदा विचार करतो.

ऑगस्ट २०२२ मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपल्यापासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत मिरा-भाईंदरमध्ये नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाच्या हाती होता. आता प्रभागात मतं मागून निवडून आलेली माणसं आहेत. त्या अर्जाची एक प्रत त्यांच्याही टेबलावर जाऊ द्या.

सोमवारी लंच अवरमध्ये एक पान लिहायला किती वेळ लागतो? फार तर कटिंग संपेपर्यंत!