ऑनलाइन सायबर सिक्युरिटीची डिग्री घेताय? ‘सर्टिफिकेट फ्री’ म्हणजे नेमकं काय, ते आधी विचारा

बारावीचा निकाल लागला की मोबाइलवर कोर्सच्या जाहिरातींचा पाऊस सुरू होतो. ‘घरबसल्या सायबर सिक्युरिटीची पदवी, सोबत इंटरनॅशनल सर्टिफिकेट फ्री!’ पदवी म्हणजे काय हे घरच्यांना कळतं. सर्टिफिकेटचं मात्र कोडं पडतं. ते कोण देणार, नोकरीला त्याचा उपयोग किती, हे विचारायचं कोणाला? सोयाबीनच्या पट्टीतून फी भरणाऱ्या घराला हे आधी कळलेलं बरं.

टायपिंगचं उदाहरण घ्या. क्लास आपल्या तालुक्यात असतो, पण परीक्षा घेते पुण्याची राज्य परीक्षा परिषद. क्लासवाल्याने ‘हजर होता’ म्हणून दिलेला कागद वेगळा आणि परिषदेचं प्रमाणपत्र वेगळं. भरतीत विचारतात ते परिषदेचं. सायबरमध्येही अगदी हेच आहे. कॉलेजने स्वतःच्या लेटरहेडवर दिलेलं सर्टिफिकेट वेगळं आणि कॉम्पटिया, आयएससी-टू यांसारख्या बाहेरच्या संस्थांची परीक्षा पास होऊन मिळालेलं वेगळं. नोकरीच्या जाहिरातीत नाव असतं ते या दुसऱ्या प्रकाराचं.

पदवीत अशा परीक्षा खरोखर कशा बसवतात, हे बघायचं तर अमेरिकेतल्या वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीकडे बघा. १९९७ साली तिथल्या पश्चिमेकडच्या १९ राज्यांच्या गव्हर्नरांनी मिळून ती काढली. (तिकडचा गव्हर्नर म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखा, निवडून आलेला.) शिक्षण सगळं ऑनलाइन. फी विषयाप्रमाणे नाही, सहा महिन्यांची एकगठ्ठा. त्या मुदतीत जमतील तेवढे विषय पूर्ण करा. तिथल्या सायबर सिक्युरिटीच्या पदवीत कॉम्पटियाच्या ए प्लस, नेटवर्क प्लस, सिक्युरिटी प्लस, सायसा प्लस, पेनटेस्ट प्लस अशा परीक्षा आहेत. गंमत म्हणजे नेटवर्कच्या विषयाला कॉलेजचा वेगळा पेपर नाही. नेटवर्क प्लस पास झालात की तो विषय पास. आधीच पास असाल तर विषय सुटतो. परीक्षेची फीसुद्धा पदवीच्या फीतच धरलेली असते.

फी धरलेली असणं ही लहान गोष्ट नाही. एकट्या सिक्युरिटी प्लसची फी अमेरिकेत ४०० डॉलरच्या वर आहे. ए प्लसला तर दोन पेपर आणि दोन वेळा फी. भारतातले दर वेगळे आहेत, ते कॉम्पटियाच्या साइटवर भारत निवडून बघता येतात.

हे विद्यापीठ अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे, त्यामुळे गावातून तिथे अॅडमिशनचा विचार नको. पण परीक्षा त्याच आहेत. पुण्या-मुंबईच्या सेंटरवर बसून दिलेली सिक्युरिटी प्लस आणि अमेरिकेत दिलेली यात काही फरक नाही. जास्तीत जास्त ९० प्रश्न, ९० मिनिटं, १०० ते ९०० च्या मापात किमान ७५० गुण. प्रश्न नुसते पर्याय निवडायचे नसतात. फायरवॉलचे नियम लावून दाखवा, असली कामंही स्क्रीनवर करावी लागतात. नुसती पाठांतराची पोरं इथे अडकतात. अमेरिकेच्या संरक्षण खात्यात सायबरच्या बऱ्याच कामांसाठी मान्य परीक्षांच्या यादीत ही आहे, म्हणून तिकडे तिला एवढा भाव.

आता जाहिरातीत न सांगितलेल्या दोन गोष्टी. एक, हे सर्टिफिकेट जन्मभराचं नाही. सिक्युरिटी प्लसची मुदत तीन वर्षं. पुढे चालू ठेवायला नवं शिक्षण दाखवावं लागतं, किंवा वरची परीक्षा पास व्हावी लागते. पहिल्या वर्षातच पास झालात तर पदवी हातात येईपर्यंत मुदत संपत आलेली असू शकते. दुसरी गोष्ट, काही सर्टिफिकेटना अनुभव लागतो. आयएससी-टूच्या सीआयएसएसपीला पाच वर्षांचा अनुभव मागतात. अनुभव नसताना परीक्षा पास झालात तर ‘असोसिएट’ एवढंच म्हणवून घेता येतं. म्हणून नुकत्या बारावी झालेल्या मुलाला कोणी ‘पहिल्याच वर्षी सीआयएसएसपी करून देतो’ म्हणालं, तर तिथून उठायला हरकत नाही.

तेव्हा कॉलेजवाल्याला फोनवर नको, लेखी विचारा. परीक्षा कोण घेणार? व्हाउचर, म्हणजे परीक्षेची भरलेली फी, पॅकेजमध्ये आहे की फक्त ‘तयारी’ करून घेणार? या एका शब्दात सगळी गोम आहे. नापास झाल्यास दुसऱ्या वेळचे पैसे कोणाचे? उत्तर गोलमोल आलं तर फ्रीचा अर्थ समजून घ्या.

पदवी खरी आहे का, हा प्रश्न वेगळा आणि पहिला. ऑनलाइन पदवीला यूजीसीची मान्यता लागते. विद्यापीठाचं नाव आणि कोर्स दोन्ही यूजीसीच्या डीईबी पोर्टलवर शोधा. विद्यापीठ यादीत आहे म्हणजे त्याचा प्रत्येक कोर्स मान्य असतो असं नाही. अॅडमिशनसाठी डीईबी आयडी तिथेच काढायचा असतो. आणि ‘ऑनलाइन बी.टेक. सायबर’ असं कोणी विकत असेल तर लक्षात घ्या, इंजिनिअरिंगच्या पदवीला ऑनलाइन पद्धतीने परवानगीच नाही.

सिक्युरिटी प्लसची परीक्षा घरूनही देता येते. कॅमेरा सतत चालू, टेबल रिकामं, खोलीत दुसरं कोणी नाही, अशा अटी असतात. पण ज्या गावात लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, तिथे हा जुगार नको. एसटीचं तिकीट काढून सेंटर गाठा. जाताना ओळखपत्रावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव अक्षरानं अक्षर जुळवून बघा. आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटवर एक स्पेलिंग आणि इतर कागदांवर दुसरं असतं. नाव जुळलं नाही तर सेंटरवरून परत पाठवू शकतात आणि भरलेली फीही बुडू शकते.