कोडाचे औषध 'प्रयोगशाळेत तपासलेले' म्हणजे नेमके काय?

आपल्या कर्जत-खालापूर भागात मुलीच्या ओठाजवळ पांढरा डाग दिसला की घरच्यांना औषधाआधी रिश्त्याची काळजी लागते. मग बावचीचे तेल येते, कुणी सांगितलेला हकीम येतो आणि 'प्रयोगशाळेत तपासलेले, शंभर टक्के गुण' असे छापलेली बाटलीही येते. त्या प्रयोगशाळेत काय होते, ते आम्ही इथे सांगतो.

आधी एक गोष्ट. कोड म्हणजे कुष्ठरोग नाही. 'कोड' हा शब्द 'कुष्ठ'वरूनच आला, म्हणून गैरसमजही चिकटला. कुष्ठाचा डाग बधिर असतो, कोडाच्या डागावर स्पर्श नीट कळतो आणि ते कुणाला लागत नाही. शरीराची संरक्षक यंत्रणाच त्वचेच्या रंगपेशींवर हल्ला करते, म्हणून रंग जातो.

औषध उंदरावर तपासावे, तर त्याच्या रंगपेशी बहुतेक केसांच्या मुळाशी. माणसाच्या त्या वरच्या थराच्या तळाशी पसरलेल्या असतात. म्हणून ऑपरेशनमध्ये काढलेली त्वचा संमतीने घेऊन तिच्यातल्या पेशी वेगळ्या करतात. खाली कोलॅजनचा थर, त्यावर त्वचेच्या आणि रंगाच्या पेशी. खालून पोषक द्रव द्यायचा, वरची बाजू हवेला उघडी ठेवायची. काही आठवड्यांत नखाएवढी त्वचा तयार होते! तिच्यावर मलम लावून बघतात: आग होते का, रंगपेशी जगतात का, रंग वाढतो का.

पण या तुकड्यात रक्त नाही आणि हल्ला करणाऱ्या पेशीही नाहीत. म्हणजे कोडाचे मूळ कारणच तिथे नसते. फ्रान्समधल्या संशोधकांनी 2020 मध्ये हल्ल्याच्या वेळी सुटणारी रसायने, त्यातले एक इंटरफेरॉन-गॅमा, अशा त्वचेत घातली, तेव्हा रंगपेशी तळापासून सुटताना दिसल्या.

इंटरफेरॉनचाच संदेश अडवणाऱ्या रुक्सोलिटिनिब मलमाला अमेरिकेने जुलै 2022 मध्ये कोडासाठी मंजुरी दिली, तीही 600 हून जास्त रुग्णांवर चाचण्या झाल्यावर. 24 आठवड्यांनी चेहऱ्यावरचा किमान 75 टक्के रंग परत आला, असे रुग्ण साधारण 30 टक्के. शंभर टक्केवाल्या बाटलीशेजारी हा आकडा ठेवून बघा.

बावचीत सोरालेन असते. ते लावून उन्हात बसले की फोड येतात, लहान मुलांना तर मुळीच लावू नका. मुंबईच्या जे.जे. किंवा केईएमच्या त्वचारोग विभागात जाणार असाल, तर आजवर लावलेल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांना दाखवा.